रात्री उशिराचं जेवण आणि फॅटी लिव्हर, वेळेचा खरंच एवढा संबंध असतो का?

फिरतीपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा, थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४१. कंट्रोल रूमची नोकरी, बारा वर्षं फिरती पाळी, म्हणजे एक आठवडा दिवस आणि एक आठवडा रात्र. दारू कधीच नाही. गेल्या चार वर्षांत वजन ९ किलो वाढलं. मागच्या महिन्यात चेकअप झालं त्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलं आणि एसजीपीटी (रक्तातून होणारी लिव्हरची तपासणी) ६८. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, वजन उतरवा, चाला, गोड तोडा, आणि मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "जेवायच्या वेळा सुधारा, पाळीच्या माणसांचं तिथंच बिघडतं." बाहेर पेशंट बसलेले होते, म्हणून पुढे काही विचारलं नाही, आणि तेव्हापासून ते एकच वाक्य डोक्यात घोळतंय.

रात्रपाळीत माझं असं असतं, ९ ला घरून जेवून निघायचं, अडीचला डबा, तोही पूर्ण जेवण, कारण तेव्हा पोटात काही गेलं नाही तर डोळे मिटायला लागतात, मग सकाळी ७ ला घरी आल्यावर परत काहीतरी खाऊन झोप. पुढच्या आठवड्यात हे सगळं उलटं. सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर म्हणजे तिसरंच टाइमटेबल.

विचारायचं हे की खाणं तेवढंच असेल तर ते दुपारी २ ला पोटात गेलं काय आणि रात्री २ ला गेलं काय, लिव्हरला काय फरक पडतो? त्याला कुठे घड्याळ दिसतं? आणि दुसरं म्हणजे बायकोला कुणीतरी मेसेज पाठवलाय की रात्री १ ते ३ ही लिव्हरची वेळ असते, त्या वेळी जो जागा असतो त्याच्या शरीरात विष साठत जातं. ती तेव्हापासून नीट झोपत नाही. आता मी तर महिन्यातले पंधरा दिवस १ ते ३ जागाच असतो, करू काय? अडीचचा डबा सरळ बंद करून टाकू का?

शरीरक्रियावाली

तुम्ही विचारलंत ना की लिव्हरला कुठे घड्याळ दिसतं, तर त्याला घड्याळ दिसत नाही, त्याच्या आत घड्याळ आहे. हे मी शब्दशः म्हणतेय. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि दरवर्षी हा भाग आला की मला स्वतःलाच परत नवल वाटतं.

मुळापासून सांगते. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर साधारण २०,००० पेशींचा एक पुंजका आहे, ते आपलं मुख्य घड्याळ, ते उजेडावर लागतं. पण तेवढंच नाही, जवळपास प्रत्येक पेशीत काही ठरावीक जनुकं आहेत, ती एक प्रथिन बनवतात, ते साठत जातं आणि साठलं की स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग ते हळूहळू विरतं आणि जनुक पुन्हा सुरू होतं, आणि या एका फेरीला लागतात अंदाजे २४ तास. फळांवरच्या माश्यांवर काम करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. लिव्हरच्या पेशींतही हेच यंत्र चालू असतं आणि त्याच्या तालावर हजारो जनुकांचं काम दिवसभरात कमीजास्त होत राहतं. उंदरांच्या बारा अवयवांची तुलना केली गेली तेव्हा असा ताल पाळणारी जनुकं सगळ्यात जास्त लिव्हरमध्येच निघाली.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. मेंदूचं घड्याळ उजेडावर लागतं, मग लिव्हरचं कशावर? ते मुख्यतः जेवणावर लागतं. उंदीर हा रात्री खाणारा प्राणी, त्याला फक्त दिवसा खायला द्यायचं असा प्रयोग २००० साली जिनिव्हात झाला, आणि काही दिवसांत लिव्हरचं घड्याळ पूर्ण उलटं झालं, मेंदूचं मात्र होतं तिथेच राहिलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने रॅट म्हणतात त्या मोठ्या उंदरांवर दाखवलं की जेवणाची वेळ बदलल्यावर लिव्हर दोन दिवसांत १० तास सरकतं. म्हणजे एकाच शरीरात दोन घड्याळं, एक म्हणतंय आता रात्र आहे, दुसरं म्हणतंय दुपारचं जेवण झालं. रात्रपाळीत तुमच्या आत नेमकं हेच होतंय, आणि तुमच्या बाबतीत तर दर आठवड्याला त्याची दिशासुद्धा बदलते.

लिव्हर दिवसभर काय करतं ते डोळ्यांसमोर आणलंत की वेळेचं महत्त्व आपोआप कळेल. आपण जेवलो की साखर रक्तात येते, इन्सुलिन वाढतं, लिव्हर ती साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास मावतं, त्यावर आलेल्याची चरबी बनते. खाणं थांबलं की उलटा कारभार, आधी ग्लायकोजेन मोडून रक्तात साखर सोडत राहायची, ते संपत आलं की अमिनो आम्लांपासून नवीन साखर करायची, आणि चरबी जाळायला घ्यायची. साठवण्याचं काम आणि मोडण्याचं काम एकाच पेशीत एकाच वेळी जोरात चालू ठेवणं म्हणजे एका नळाने टाकी भरायची आणि दुसऱ्याने रिकामी करायची. शरीराने म्हणून पाळ्या लावून दिल्यात. तुम्ही ९ ला जेवता, २:३० ला जेवता, ७ ला खाता, दोन खाण्यांमध्ये कुठेच सहा ताससुद्धा सलग मोकळे जात नाहीत. झोपेतले काय ते तास, आणि झोपायच्या आधी लगेच खाल्लेलं असल्यामुळे त्यातलेही पहिले काही तास साठवण्यातच जातात. मग चरबी जाळायची पाळी लिव्हरला येणार कधी?

अजून एक सांगते, हे वाचलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं होतं. जिनिव्हातल्याच लोकांनी २०१७ मध्ये दाखवलं की उंदराचं लिव्हर चोवीस तासांत मोठं होतं आणि परत लहान होतं, खाण्याच्या काळात जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं, पेशीच फुगतात कारण प्रथिनं बनवणारी यंत्रणा त्या वेळी उभी केली जाते आणि नंतर मोडली जाते. आणि त्याच उंदरांना चुकीच्या वेळी खायला दिलं तर हे फुगणं-आटणं बंद पडलं. खाणं तर मिळतच होतं, फक्त वेळ चुकलेली होती.

१ ते ३ च्या मेसेजचं बोलायचं तर ती जुन्या चिनी वैद्यकातली कल्पना आहे, अवयवांना दोन-दोन तास वाटून दिलेले. त्या दोन तासांत लिव्हर "विष बाहेर टाकतं" आणि बाकी वेळ टाकत नाही, असं काही नसतं. औषधं, अमोनिया, जुन्या रक्तपेशींचा बिलिरुबिन, हे सगळं लिव्हर चोवीस तास उपसत असतं, फक्त वेग कमीजास्त होतो. तुमच्या मिसेसना माझ्याकडून सांगा की जागरणाने विष साठत नाही, त्यांनी निर्धास्त झोपावं. काळजी करायचीच तर त्या जागरणात काय आणि किती वाजता खाल्लं जातं याची करायची.

थांबूनबघू

ताईंनी छान समजावलंय, यंत्रणेबद्दल वाद नाही. पण मला इथे थोडा ब्रेक लावावासा वाटतो, कारण असे धागे वाचून लोक फक्त वेळेच्या मागे लागतात आणि ताटात किती आहे ते बघायचं सोडून देतात.

उंदरांचं उदाहरण सगळे देतात, साल्क इन्स्टिट्यूटमधल्या सच्चिदानंद पांडांच्या गटाचं, २०१२ चं. भरपूर चरबीचं खाणं, एका गटाला चोवीस तास मोकळीक, दुसऱ्याला तेच खाणं पण रोज ८ तासांच्या खिडकीतच. कॅलरी दोघांच्या सारख्याच, तरी खिडकीवाल्यांचं वजन कमी वाढलं आणि लिव्हरमध्ये चरबीही बरीच कमी. प्रयोग चांगलाच आहे. पण उंदराचे ८ तास आणि माणसाचे ८ तास एक नव्हेत, उंदीर एक दिवस उपाशी राहिला तरी त्याचं वजन लक्षात येण्याइतकं उतरतं.

माणसांवर थेट फॅटी लिव्हरमध्ये हे करून बघितलंय, चीनमध्ये, निकाल २०२३ मध्ये आला. लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर दोन्ही असलेले लोक, वर्षभर. एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही, पण कॅलरी दोघांच्याही सारख्याच कमी केलेल्या. दोघांच्याही लिव्हरमधली चरबी उतरली आणि जवळपास सारखीच उतरली. म्हणजे खाणं मोजूनमापून कमी केलेलं असेल तर वरून वेळेची खिडकी लावल्याने जास्तीचं काही पदरात पडलं नाही.

म्हणून मूळ प्रश्नकर्त्याला माझं सांगणं असं की पहिला नंबर वजनाचा. शरीराच्या ५ टक्के वजन गेलं तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, ७ ते १० टक्के गेलं तर सूजही कमी होते. तुमचे वाढलेले ९ किलो त्याच हिशेबात बसतात. वेळ पाळल्याने आपोआप एक खाणं गळत असेल तर उत्तम, पण वेळ पाळतोय म्हणून एका वेळेला दुप्पट खाल्लं तर लिव्हरला काही फायदा नाही.

शरीरक्रियावाली

थांबूनबघू, तुमचं बरोबर आहे आणि वजनाचं मी आधीच लिहायला हवं होतं. पण तो चिनी अभ्यास ज्यांच्यावर झाला ते लोक रात्री झोपणारे होते, तुलना होती ती दिवसा खाणाऱ्यांची आणि दिवसा-संध्याकाळी खाणाऱ्यांची. आपले हे दादा मध्यरात्री जेवतात, त्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे.

त्यासाठी बॉस्टनमधला २०२१ चा प्रयोग जास्त जवळचा. १९ तरुण निरोगी माणसं, प्रयोगशाळेत दोन आठवडे, सगळ्यांना खोटी रात्रपाळी करायला लावली. निम्म्यांना रात्रपाळीवाले खातात तसं दिवसा आणि रात्री दोन्ही वेळेला दिलं, बाकीच्यांना जागरण तेवढंच पण खायला फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसा खाणाऱ्यांची जवळपास होती तिथेच राहिली. जागरण दोघांचं सारखंच होतं हे लक्षात घ्या. यात लिव्हरची चरबी मोजलेली नाही, साखर मोजलीय, पण रात्री इन्सुलिन कमी पडतं आणि जेवणानंतरची साखर जास्त वेळ वर राहते, तिचा बराचसा भार शेवटी लिव्हरवरच येतो.

आणि इंग्लंडमध्ये २०१७ साली दहा पुरुषांची तिन्ही जेवणं पाच-पाच तास पुढे ढकलून बघितली होती. सहा दिवसांत रक्तातल्या साखरेचा ताल साडेपाच तासांहून जास्त पुढे गेला, मेंदूच्या घड्याळावर चालणारी मेलाटोनिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं मात्र जागची हलली नाहीत. उंदरांत दिसलं होतं त्याचीच माणसातली खूण. मेंदू एकीकडे, पचनाचा कारभार दुसरीकडे.

वॉर्डातलीसिस्टर

मी अभ्यासबिभ्यास काही सांगू शकणार नाही, मी सतरा वर्षं नाईट केल्यात तेवढं सांगते.

दादा, तुमचा अडीचचा डबा मला डोळ्यांसमोर दिसतो. आमच्याकडे पावणेतीनला. पँट्रीत ट्यूबलाइट, एका हाताने खायचं, कान बेलकडे, दहा मिनिटांत संपवायचं, आणि खरं सांगते तेव्हा भूक नसायचीच. थंडी वाजत असायची. रात्री तीनच्या सुमाराला अंगातली ऊब उतरते, हातपाय गार पडतात, डोकं जड होतं आणि आपण त्याला भूक समजतो. जेवलं की अंगात ऊब येते म्हणून बरं वाटतं आणि अर्ध्या तासाने आधीपेक्षा दुप्पट झोप येते. हे मला कळायला दहा वर्षं गेली. साडेसहाला छातीत जळजळ सुरू, ती घेऊनच हँडओव्हर द्यायचा.

मग आमच्या एका सिनियर सिस्टरनी सांगितलं की ड्युटीला यायच्या आधी ७-७:३० ला नीट पोटभर जेव, ९ ला नाही, आणि रात्री डबा आण पण तो जेवणाचा नको. मी तसं केलं. साडेसातला पूर्ण जेवण, बाराच्या आधी वाटलंच तर मूठभर काहीतरी, त्यानंतर पाणी किंवा बिनसाखरेचा चहा, तोही तीननंतर नाही कारण मग सकाळची झोप जाते. तीन वाजता थंडी वाजली की स्वेटर घालायचा आणि वॉर्डाला एक चक्कर मारायची. पहिल्या चार नाईट फार जड गेल्या, डोकं दुखलं, चिडचिड झाली, डबा उघडून परत बंद केला. पाचव्या नाईटपासून भूकच लागेना. सकाळी घरी आले की थोडंसं खाते, म्हणजे रिकाम्या पोटी झोपमोड होत नाही एवढंच, पडदे ओढून झोप, आणि उठल्यावर दुपारी मुख्य जेवण.

मोठी गोष्ट म्हणजे माझं दुपारचं आणि संध्याकाळचं जेवण आता नाईट असो, डे असो किंवा सुट्टी असो, साधारण त्याच त्याच वेळेला होतं. झोप इकडची तिकडे होते, ताटाची वेळ हलत नाही. वर ताईंनी घड्याळाचं लिहिलंय ते वाचून आज कळलं की मला बरं का वाटत होतं. वजन दीड वर्षात ६ किलो उतरलं, थांबूनबघू म्हणतील की एक जेवण गळलं म्हणून, म्हणूदेत, तेही खरंच असेल.

बाबांचीधाकटी

कृपया एक मिनिट थांबा सगळे. हा धागा ज्यांना लिव्हरचा मोठा आजार आहे असेही लोक वाचतील म्हणून लिहितेय, मी स्वतः असंच काहीतरी वाचून चूक केली होती.

माझ्या बाबांना सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होत जाण्याचा आजार. मी कुठेतरी वाचलं की रात्री लवकर जेवायचं, मग १४-१६ तास पोट रिकामं ठेवायचं म्हणजे लिव्हरला आराम मिळतो. मला ते इतकं पटलं की मी त्यांचं संध्याकाळचं जेवण साडेसहाला आणलं आणि सकाळी नऊपर्यंत काही नाही. बाबा काही बोलायचे नाहीत, मी प्रेमाने करतेय म्हणून ऐकायचे. तीन महिन्यांत त्यांचे खांदे उतरले, कानशिलांपाशी खड्डे पडले, शर्टाच्या बाहीतून दंड कसा दिसायचा ते मी सांगू शकत नाही. पोटात पाणी असल्यामुळे काट्यावर वजन तेवढंच दिसायचं म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही.

आहारतज्ज्ञ मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, रात्री झोपताना काय देता? मी अभिमानाने सांगितलं, काहीच नाही. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी जे समजावलं ते मी विसरणार नाही. सिरॉसिसमध्ये लिव्हरमध्ये ग्लायकोजेन साठवायला जागाच कमी उरते. धडधाकट माणूस रात्रभर त्यावर आरामात काढतो, यांचा साठा काही तासांत आटतो, मग शरीर साखर बनवायला स्नायू मोडायला घेतं. त्यांची एका रात्रीची उपासमार म्हणजे निरोगी माणसाने दोन-तीन दिवस काही न खाण्यासारखी. म्हणून सिरॉसिसवाल्याला झोपायच्या आधी मुद्दाम खायला द्यायचं असतं, पिष्टमय पदार्थ निदान ५० ग्रॅम जातील असं, आणि सकाळी उठल्याबरोबर नाश्ता. दिवसाही फार वेळ पोट रिकामं नको.

आता रोज रात्री दहाला मी बाबांच्या उशाशी छोटी ताटली नेते. आधी ते नको म्हणायचे, आता मला उशीर झाला तर तेच हाक मारतात.

म्हणून सांगते, फॅटी लिव्हर ग्रेड १ वेगळं आणि सिरॉसिस वेगळं. दोन्हींना "लिव्हरचा त्रास" म्हणतात म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नका.

शरीरक्रियावाली

धाकटी, हे तू लिहिलंस हे फार बरं केलंस. आणि स्वतःला दोष देऊ नकोस, तुला जे कुणी सांगितलं त्याने अर्धंच सांगितलं होतं.

गंमत बघा, हासुद्धा वेळेचाच धडा आहे. ऑकलंडमध्ये सिरॉसिसच्या शंभरावर रुग्णांना वर्षभर तेच पूरक अन्न, तेवढंच, एका गटाला दिवसा दिलं आणि दुसऱ्याला रात्री. रात्री घेणाऱ्यांच्या अंगावर जवळपास दोन किलो स्नायूंइतकी भर पडली, दिवसा घेणाऱ्यांना तो फायदा झाला नाही. मात्रा सारखी आणि वेळ वेगळी, तरी निकाल एवढा बदलला. निरोगी किंवा नुसतं फॅटी लिव्हर असलेल्याला रात्रीची मोकळी पाळी हवी असते आणि सिरॉसिसवाल्याला तीच पाळी लहान करायची असते, कारण एकाकडे साठा आहे आणि दुसऱ्याकडे नाही.

असाच इशारा डायबेटिसवाल्यांनाही. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून जेवण उडवायचं नाही, साखर एकदम खाली जाते. आधी डॉक्टरांशी बोलून डोसच्या वेळा बदलून घ्यायच्या.

थांबूनबघू

सिस्टर, मी तसं म्हणणार नाही. तुम्ही जे केलंत त्यात वेळ आणि प्रमाण दोन्ही आलं आणि ते सतरा वर्षांच्या अनुभवातून आलं. धाकटीचं वाचून मलाही कळलं की माझं "आधी कॅलरी मोजा" हेसुद्धा सगळ्यांना एकसारखं लागू होत नाही.

औषधांच्या वेळेचं एक सांगतो कारण ते याच विषयातलं आहे आणि माझं कामच त्यातलं आहे. लिव्हर कोलेस्टेरॉल जास्त बनवतं ते रात्री, म्हणून सिमव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल कमी करणारी, पण काही तासांत असर उतरणारी गोळी संध्याकाळी-रात्री घ्यायला सांगतात. अटोरव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकते, ती सकाळी घेतली तरी चालतं. लोक विचारतात एकाच जातीच्या दोन गोळ्या मग एकाला रात्रीच का, तर कारण हे आहे. रात्रपाळीवाल्यांनी गोळी कधी घ्यायची हे मात्र लिहून देणाऱ्याला विचारूनच ठरवा.

फिरतीपाळी

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळं दोनदा वाचलं, बायकोलाही मोठ्याने वाचून दाखवलं, १ ते ३ चा भाग तर तिने तीनदा वाचायला लावला.

धाकटीताई, तुमच्या बाबांचं वाचून गळ्याशी आलं. माझे वडील नाहीत आता, तुम्ही दहाला ताटली नेता ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाहीये.

सिस्टर, तुम्ही थंडीचं लिहिलंत ते शंभर टक्के माझंच. आमच्या रूमचा एसी रात्री बदलता येत नाही, अडीचला मी गारठलेला असतो आणि डबा गरम करायला उठतो, आजवर वाटायचं की ही भूक. काल रात्री जॅकेट नेलं, साडेसातला जेवून निघालो, अडीचला डबा नव्हताच. साडेतीनपर्यंत हालत खराब होती, पण झोप लागली नाही हे नक्की. आज तिसरी रात्र.

एक राहिलं, तीन महिन्यांनी एसजीपीटी परत करायचंय. नाईट करून सकाळी येताना लॅब वाटेतच लागते, तिथेच रक्त देऊन आलो तर चालेल का, रिकामं पोट असतंच आता?

शरीरक्रियावाली

चालतं, पण मी तुमच्या जागी असते तर तसं केलं नसतं. एसजीपीटी स्वतःसुद्धा दिवसभरात वरखाली होतं, दुपारी जास्त आणि रात्री कमी असा त्याचा कल असतो, आणि आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला असेल तरी वाढलेलं दिसू शकतं. काहींचा बिलिरुबिन जास्त वेळ उपाशी राहिल्यावर थोडा वाढतो आणि लोक कावीळ झाली म्हणून घाबरतात. मागचं ६८ कुठल्या आठवड्यात आलं होतं, आठवतंय का? दिवसपाळीच्या आठवड्यात, रात्री झोप झाल्यावर सकाळी दिलेलं असेल तर हेही तसंच द्या, त्याच लॅबमध्ये, साधारण त्याच वेळेला. नाहीतर आकडा खाली आला तरी तुम्हाला कळणार नाही की लिव्हर सुधारलं की नुसती वेळ बदलली.

आणि वजन त्याच सकाळी करून लिहून ठेवा, थांबूनबघू विचारणारच आहेत.

फिरतीपाळी

रिपोर्टवर बघितलं, सकाळी ८:४०, आणि त्या आठवड्यात दिवसपाळीच होती, चेकअपसाठी उशिरा जायची परवानगी घेतली होती. मग पुढचंही दिवसपाळीच्या आठवड्यातच देतो. तारीख कॅलेंडरवर लिहिलीय, आकडे आले की याच धाग्यात टाकतो.

वॉर्डातलीसिस्टर

टाका नक्की. आणि चौथी रात्र सगळ्यात वाईट असते दादा, उद्या जॅकेटबरोबर मोजेही न्या.